नमुना किती वाजता घेतला?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या छोट्या लॅबच्या नोंदवहीत रुग्णाचे नाव, वय आणि सांगितलेली तपासणी यांच्या बरोबरीने आणखी दोन रकाने आहेत: त्रास किती वाजता सुरू झाला आणि रक्त किती वाजता घेतले. नव्याने कामाला लागणारी मुले पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात की हिमोग्लोबिनला किंवा थायरॉइडला ही चौकशी कशाला हवी. हिमोग्लोबिनला नसली तरी चालते. पण छातीत दुखते म्हणून किंवा डोक्याला मार लागला म्हणून आलेल्या माणसाच्या रक्तात आपण जे शोधतो, त्याचा अर्थ घड्याळाशिवाय लागत नाही. हे मला फार उशिरा आणि घरच्याच माणसाच्या आजारपणातून समजले.

माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, कागल तालुक्यातल्या आमच्या गावी शेती करतात. काही वर्षांपूर्वी उसाचे गळीत ऐन भरात असताना पहाटे पाचच्या सुमारास त्यांच्या छातीत आवळल्यासारखे झाले, डाव्या जबड्यात कळ गेली आणि थंडीतही अंगाला घाम फुटला. चुलतभावाने त्यांना मोटरसायकलवर बसवून शहरात आणले. मी तेव्हा ज्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरीला होतो तिथेच ते आले, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी मीच त्यांचे रक्त घेतले. ईसीजीत ठळक असे काही नव्हते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाच्या तपासणीच्या कार्डावर मी थेंब टाकले, पंधरा मिनिटे वाट पाहिली, दुसरी रेघ उमटली नाही आणि मी कागदावर "निगेटिव्ह" लिहिले. तात्यांना पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवण्यात आले. दुपारी दोन वाजता ते परत आले तेव्हा त्यांच्याने बसवत नव्हते, ईसीजी पूर्ण पालटला होता, आणि कार्डावरची रेघ पाच मिनिटांतच गडद झाली.

तात्या वाचले. पण त्यांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद कायमची घटली, आणि चैत्र यात्रेला जोतिबाच्या पायऱ्या चढणे त्यांना सोडून द्यावे लागले. महिनाभराने ते माझ्याशी बोलताना एवढेच म्हणाले, "पोरा, मला कुणी इचारलंच न्हाई, कवा दुखाय लागलं म्हणून." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण ते खरे होते, आणि न विचारणाऱ्यांत मी पहिला होतो. सकाळच्या त्या कार्डाने काही चुकीचे सांगितले नव्हते. दुखणे सुरू होऊन जेमतेम तास झाला होता आणि तेवढ्या वेळात रक्तात सांगण्याजोगे काही उतरलेच नव्हते.

याचे कारण स्नायूच्या रचनेत आहे. हृदयाच्या स्नायूपेशीत आकुंचन घडवणाऱ्या बारीक धाग्यांवर ट्रोपोनिन नावाचे तीन प्रथिनांचे एक जुडगे बसलेले असते. त्यातले सी हे कॅल्शियम धरते, आय हे आकुंचन रोखून ठेवते आणि टी हे सगळ्या जुडग्याला धाग्याशी बांधते. टोकियोत सेत्सुरो एबाशी यांनी 1960 च्या दशकात हे प्रथिन उजेडात आणले तेव्हा प्रश्न स्नायू आकसतो कसा एवढाच होता; आजाराचे निदान करण्याचा विचार त्यात नव्हता. पुढे लक्षात आले की हृदयातले आय आणि टी हे हातापायांच्या स्नायूंमधल्या आय आणि टीपेक्षा वेगळ्या घडणीचे असतात, त्यामुळे फक्त हृदयातलेच ओळखणारी प्रतिपिंडे बनवता येतात. हृदयाचे ट्रोपोनिन टी रक्तात मोजण्याची पद्धत जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे ह्यूगो काटुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मांडली.

आता हे प्रथिन पेशीत कसे साठवलेले असते ते पाहिले की वेळेचे कोडे सुटते. ट्रोपोनिनचा लहानसा भाग पेशीच्या द्रवात मोकळा असतो आणि बाकीचा बहुतेक सगळा धाग्यांना घट्ट बांधलेला असतो. रक्तपुरवठा तुटून पेशी मरू लागली की आधी मोकळा भाग झिरपतो, आणि मग धागे विरघळत जातील तसा बांधलेला भाग कित्येक दिवस रक्तात येत राहतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या तपासणीत ट्रोपोनिन दिसू लागायला तीन ते सहा तास लागत, आणि एकदा चढले की आय सात ते दहा दिवस व टी दहा ते चौदा दिवस उतरत नसे. तात्यांचे सकाळचे कार्ड कोरे राहिले याला हेच उत्तर आहे. आठवड्यापूर्वी अंगावर काढलेला झटका आजच्या तपासणीत सापडू शकतो, यालाही तेच.

ट्रोपोनिनच्या आधी काय होते, हे आजच्या मुलांना सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते. कावीळ झाली की आपण सगळेच जे एसजीओटी तपासून घेतो, ते न्यूयॉर्कमध्ये 1954 मध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात वाढते असे दाखवले, आणि झटक्याची रक्तातून मिळालेली पहिली खूण तीच ठरली. पण एसजीओटी यकृतातही असते आणि स्नायूतही. मग स्नायूंमधले सीके नावाचे विकर मोजणे आले, त्यातले हृदयाकडचे म्हणून सीके-एमबी वेगळे मोजले जाऊ लागले, आणि बरीच वर्षे आमच्या सगळ्यांची भिस्त त्याच्यावर होती.

आमच्या या कोल्हापुरात सीके-एमबीची अडचण पाठ्यपुस्तक न उघडताही समजते, कारण इथे तालमी आहेत. पहाटे हजारभर बैठका मारून, आखाड्यात दोन तास झोंब्या घेऊन आलेल्या तरण्याबांड पैलवानाचे रक्त तपासले तर त्याचे सीके सामान्य मर्यादेच्या अनेक पट निघते. अंगाच्या स्नायूंतही थोडे एमबी असतेच, आणि सतत ताण खाऊन पुन्हा भरून येणाऱ्या कसरती स्नायूत ते अधिक असते. खासबागच्या मैदानात कुस्ती मारून आलेला एखादा मल्ल छातीवर आदळल्यामुळे बरगडीत दुखते म्हणून आला, तर केवळ सीके-एमबी पाहून त्याला अतिदक्षता विभागात नेण्याची वेळ येऊ शकते. हृदयाच्या ट्रोपोनिनने हा गोंधळ पुष्कळच मिटवला. अतिश्रमानंतर, उदाहरणार्थ मॅरेथॉन धावल्यावर, तेही थोडे चढते, पण ते हृदयातूनच आलेले असते आणि बहुधा दोनतीन दिवसांत खाली येते.

युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2000 मध्ये हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्या ट्रोपोनिनभोवती नव्याने बांधली, आणि 2018 मध्ये आलेल्या चौथ्या जागतिक व्याख्येत ती आणखी नेमकी झाली. निरोगी माणसांचा मोठा गट घेऊन त्यांची ट्रोपोनिने चढत्या क्रमाने लावली तर शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या वर जी पातळी येते, ती रेषा. त्या रेषेच्या वर गेलेले ट्रोपोनिन म्हणजे हृदयस्नायूला इजा. पण झटका म्हणायचे तर तो आकडा वेळेगणिक चढताना किंवा उतरताना दिसला पाहिजे आणि सोबत रक्तपुरवठा तुटल्याचा आणखी एखादा पुरावा हवा: छातीतले दुखणे, ईसीजीतला बदल, इकोत न हलणारी हृदयाची भिंत किंवा अँजिओग्राफीत दिसलेली गुठळी. इजा आणि झटका हे दोन शब्द या व्याख्येने वेगळे केले, याचे मोल मला फार वाटते. आमच्याकडे रिपोर्ट हातात पडताच नातेवाईक "म्हणजे अटॅकच ना?" असे विचारतात, आणि तेवढ्या कागदावरून हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार कुणालाच नसतो.

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची गोष्ट घ्या. त्यांच्यापैकी अनेकांचे ट्रोपोनिन बाराही महिने रेषेच्या वरच असते. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, फुप्फुसात गुठळी अडकली, हृदयस्नायूला सूज आली, हृदय थकले किंवा ठोके फार वेळ बेफाम पडले, तरीही ते वाढते. अशा माणसाच्या एका नमुन्यावरून काहीच ठरत नाही. दोन नमुन्यांमधला फरक बोलतो. कायम चाळीसवर असणारा आकडा तीन तासांनीही चाळीसवरच असेल तर ती जुनी व्यथा आहे, आणि चाळीसाचे ऐंशी झाले तर ती आत्ताची आहे.

गेल्या दीड दशकात आलेल्या अतिसंवेदनशील तपासण्यांनी या फरकाला वाचा दिली. यात ट्रोपोनिन टीची रेषा लिटरमागे 14 नॅनोग्रॅम अशी धरतात. दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरमध्ये बारीक मिठाचे दोनतीन कण टाकले तर जेवढे होईल तेवढे हे प्रमाण आहे, आणि ते पुन्हा पुन्हा तेवढेच मोजता आले पाहिजे अशी अट आहे. एका नामांकित कंपनीच्या ट्रोपोनिन आयच्या तपासणीत पुरुषांसाठी 34 आणि स्त्रियांसाठी 16 अशा वेगळ्या रेषा आहेत. दोघांना एकच रेषा लावली की स्त्रियांमधली इजा नजरेतून निसटते, आणि आधीच "दमले असतील", "पित्त झाले असेल" म्हणून ज्यांचे दुखणे मागे ढकलले जाते त्या आमच्या आयाबहिणींचे त्यात आणखी नुकसान होते. युरोपीय मार्गदर्शिकेप्रमाणे पहिला नमुना आल्याबरोबर आणि दुसरा तासाभराने घेऊन बहुतेक रुग्णांचा निर्णय करता येतो. टीच्या एका तपासणीत दुखणे सुरू होऊन तीन तास उलटून गेले असतील आणि आकडा 5 च्या खाली असेल तर झटक्याची शक्यता फार कमी, आणि पहिल्याच नमुन्यात 52 किंवा त्याहून जास्त असेल तर ती फार मोठी असे धरले जाते. यातला "तीन तास उलटून गेले असतील" हा भाग मी मुलांना दोनदा वाचायला लावतो.

एक गोष्ट इथेच स्पष्ट लिहितो, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. ईसीजीत झटक्याची ठळक खूण दिसत असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट कुणीही पाहू नये. तिथे गुठळी विरघळवण्याच्या औषधाला किंवा अँजिओप्लास्टीला लागणारे एकेक मिनिट मोलाचे असते.

आणखी एक बाब केसांच्या गोळ्यांची आहे. केस आणि नखे वाढावीत म्हणून बायोटिन मोठ्या प्रमाणात असलेल्या गोळ्या हल्ली पुष्कळ जण घेतात. ट्रोपोनिनच्या तपासणीत दोन प्रतिपिंडे प्रथिनाला दोन बाजूंनी धरतात आणि त्यांची ती जोडी पकडण्यासाठी काही किटमध्ये बायोटिनचाच हुक वापरलेला असतो. रक्तात बाहेरचे बायोटिन भरपूर असेल तर ते ती जागा अडवते आणि ट्रोपोनिन खोटे कमी दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला आणि त्यात असे खोटे कमी ट्रोपोनिन आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूचा उल्लेख केला. त्यानंतर काही कंपन्यांनी किट सुधारले आहेत, तरी छातीत दुखते म्हणून रक्त देताना या गोळ्या चालू असल्यास तेवढे जरूर सांगा.

मेंदूचा प्रश्न माझ्या बहिणीने काढला. ती शिवाजी पेठेत राहते, आणि पेठेतल्या मुलाला फुटबॉल खेळू नको म्हणणे कोणत्याही आईला जमलेले नाही. गेल्या हंगामात गांधी मैदानावर सराव करताना माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याचे डोके दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर आदळले. तो काही क्षण भानावर नव्हता, मग उठून बसला, पण "मॅच सुरू झाली का?" हेच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. बहिणीने रिक्षातूनच मला फोन केला: "दादा, छातीची जशी रक्ताची तपासणी असते तशी डोक्याची नसते का रे? सुई टोचून कळत असेल तर स्कॅनला कशाला न्यायचे?"

तिला मी त्या क्षणी एवढेच सांगितले की आधी अपघात विभागात ने, रक्ताचे मग बोलू. पण तिचा प्रश्न योग्य होता. जगभरचे संशोधक कित्येक वर्षे हाच प्रश्न विचारत आहेत आणि त्याचे अर्धे उत्तर आता हाती आले आहे.

मेंदूला इजा झाली की त्याच्याही पेशींतली प्रथिने सांडतात. चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकापेशींमधून जीएफएपी नावाचे तंतुप्रथिन बाहेर पडते आणि खुद्द चेतापेशींमधून यूसीएच-एल1 नावाचे. पण मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने एक पक्की आडभिंत घातलेली आहे, त्यामुळे जे काही सांडते त्यातले फार थोडे रक्तापर्यंत पोहोचते, आणि ते मोजण्याइतकी यंत्रे बारीक होईपर्यंत ही वाट बंद होती. दुसरी अडचण मला अधिक मूलभूत वाटते. हृदयाचा स्नायू कुठूनही मेला तरी तो पंपाचाच तुकडा असतो, म्हणून किती मेला याला पुष्कळ अर्थ आहे. मेंदूत मात्र कुठे लागले यावर सगळे ठरते. मेंदूच्या देठात ज्वारीच्या दाण्याएवढी इजा माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते, आणि कपाळामागे त्याहून मोठी इजा होऊनही माणूस चालत घरी येतो. रक्तातला आकडा किती सांडले हे सांगतो, कुठून सांडले हे तो सांगू शकत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 14 फेब्रुवारी 2018 रोजी जीएफएपी आणि यूसीएच-एल1 यांच्या जोडतपासणीला परवानगी दिली. डोक्याला सौम्य मार लागलेल्या प्रौढ माणसाचे रक्त बारा तासांच्या आत घेऊन, सीटी स्कॅनची गरज आहे का हे ठरवायला मदत करणे, एवढेच तिचे काम आहे. 1,947 नमुन्यांच्या अभ्यासात सीटीवर इजा दिसलेल्यांपैकी 97.5 टक्के लोकांना या तपासणीने ओळखले, आणि तपासणी नकारात्मक आली तर सीटीही स्वच्छ असण्याची खात्री 99.6 टक्के होती. हे आकडे वाचून कुणीही हरखून जाईल. पण दुसरी बाजू अशी की सीटी स्वच्छ असलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांचीही तपासणी चढलेलीच आली. म्हणजे ही तपासणी "नाही" म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवावा, आणि "हो" म्हणाली तर स्कॅन करावाच. शिवाय ती अठरा वर्षांवरच्यांसाठी तपासलेली आहे, त्यामुळे माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याला ती हाताशी असती तरी लागू नव्हती.

आणि इथेही घड्याळ आहेच. मार लागल्यावर दोन्ही प्रथिने तासाभरात रक्तात दिसू लागतात, पण यूसीएच-एल1 साधारण आठ तासांनी शिखर गाठून झपाट्याने ओसरते, तर जीएफएपी विसाव्या तासाच्या आसपास सर्वांत वर असते आणि पुढे सावकाश उतरते. रात्री गाडीवरून पडलेला माणूस "सकाळी बघू" म्हणून झोपला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला तर एकाच रक्तातली ही दोन प्रथिने दोन वेगळ्या गोष्टी सांगतील.

एप्रिल 2024 मध्ये हीच जोडी रुग्णाच्या खाटेजवळ, शिरेतल्या रक्ताचे थेंब हातात मावणाऱ्या यंत्रात घालून, पंधरा मिनिटांत आणि मार लागल्यापासून चोवीस तासांपर्यंत तपासण्याची परवानगी तिकडे मिळाली. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गगनबावडा आणि चंदगड आले. उसाच्या ट्रॉलीला रात्री मागून धडकलेला मोटरसायकलस्वार, सीटी यंत्रापासून तासदीड तासाच्या अंतरावर, पावसाळ्यात घाटरस्ता बंद: अशा ठिकाणी डॉक्टरला खात्रीशीर "नाही" मिळाले तर किती फेरे, किती खर्च आणि किती घालमेल वाचेल. माझ्या लॅबमध्ये ही तपासणी नाही. ती यावी असे मला मनापासून वाटते, आणि ती येईपर्यंत कुणी कुठलेतरी पॅकेज दाखवून "डोक्याची रक्ततपासणी" विकू नये असेही वाटते.

युरोपच्या उत्तरेकडील देशांत एस100बी हे प्रथिन याच कामासाठी वापरतात. तिथल्या 2013 च्या मार्गदर्शिकेनुसार मार लागल्यापासून सहा तासांच्या आत ते लिटरमागे 0.10 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ठरावीक सौम्य रुग्णांना स्कॅनशिवाय घरी सोडता येते. पण एस100बी चरबीतून आणि हाडांतूनही येते. आमच्याकडचा अपघाती रुग्ण बहुधा डोक्याबरोबर मांडी किंवा गळपट्टीचे हाडही मोडून घेऊन येतो, तेव्हा तिथे ते फारसे उपयोगी पडत नाही.

मेंदूच्या ज्या प्रथिनाची मला लॅबवाला म्हणून सर्वांत जास्त धास्ती वाटते ते एनएसई. हृदय बंद पडून पुन्हा सुरू केलेला माणूस शुद्धीवर येत नाही, तेव्हा हृदयाच्या संकटात मेंदूचे किती नुकसान झाले हे पाहण्यासाठी ते मोजतात. युरोपच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत 48 किंवा 72 तासांनी घेतलेल्या नमुन्यात ते लिटरमागे 60 मायक्रोग्रॅमच्या वर असणे ही वाईट खूण मानली आहे, पण इतर तपासण्यांच्या जोडीनेच. आता गोम अशी की हे एनएसई तांबड्या पेशींतही भरपूर असते. बारीक सुईने जोरात रक्त ओढले, नळी जोरात हलवली किंवा नमुना मोटरसायकलच्या डिकीत तापत राहिला की तांबड्या पेशी फुटतात आणि आकडा खोटा वर जातो. ज्या कागदावर पुढे उपचार चालू ठेवायचे की नाही याची चर्चा होणार आहे, त्याचा आकडा आमच्या एखाद्या मुलाच्या घाईमुळे बिघडू शकतो. म्हणून रक्त गोठल्यावर वेगळे होणारे पाणी, म्हणजे सिरम, गुलाबी दिसले तर तो नमुना आमच्याकडे पुढे जात नाही, मग समोर कितीही घाई असो.

हृदय आणि मेंदू यांच्या खुणा एकमेकांत किती गुंतलेल्या आहेत ते आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या आजारपणात मी पाहिले. भाकरी थापता थापता त्या कोसळल्या. ज्या ठिकाणी त्यांना आधी नेले तिथे ईसीजीत मोठे बदल दिसले, ट्रोपोनिनही चढलेले आले, आणि हृदयविकाराचा झटका समजून रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन भरलेही गेले. एका तरुण डॉक्टरने त्यांच्या सुनेला विचारले की पडण्याआधी त्या काय म्हणाल्या. सून म्हणाली, "डोक्यात काहीतरी फुटलं असं ओरडल्या आणि मग पडल्या." सीटीत मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव दिसला. ते इंजेक्शन दिले गेले असते तर रक्तस्राव वाढला असता.

त्यांचे ट्रोपोनिन खोटे नव्हते. मेंदूत असा स्फोट झाला की ताणाची संप्रेरके एवढ्या लोंढ्याने सुटतात की हृदयाच्या पेशी खरोखर दुखावतात, रोहिण्या मोकळ्या असूनही. जपानमध्ये 1990 मध्ये वर्णन केलेला ताकोत्सुबो हा विकारही याच जातीचा आहे. त्यात हृदयाचे टोक फुगून ऑक्टोपस पकडण्याच्या अरुंद गळ्याच्या मडक्यासारखे दिसते, आणि जवळचे माणूस अचानक गेल्याचा धक्का एवढेही कारण त्याला पुरते. आधी डोके दुखले की आधी छाती, हा क्रम काकूंच्या रक्तात कुठेच लिहिलेला नव्हता. तो सुनेला माहीत होता.

याच गुंत्याची एक खूण नावातही उरली आहे. हृदय थकल्याचे ओळखण्यासाठी आम्ही रोज जे बीएनपी तपासतो त्यातला "बी" मेंदूचा आहे, कारण 1988 मध्ये जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले. माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येते हे नंतर कळले, पण नाव तेच राहिले. तात्यांचे एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे बीएनपी तयार होताना सुटणारा दुसरा तुकडा, मी दर तीन महिन्यांनी स्वतः तपासतो. औषधे वेळेवर घेतली की ते खाली असते आणि लोणचे-पापडाने जोर धरला की वर जाते, आणि हे त्यांना कागदावर दाखवले की ते पटते.

भाच्याच्या सीटीत काही निघाले नाही. पुढचे चोवीस तास उलटी, वाढती डोकेदुखी, जास्तीची झोप, हातपाय लुळे पडणे, झटके किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव यांतले काही दिसले तर लगेच आणा, असे डॉक्टरांनी बहिणीला कागदावर लिहून दिले, आणि मैदानावर परतण्याची घाई करू नका असे बजावले. त्याचे मित्र दुसऱ्याच आठवड्यात त्याला बोलवायला आले तेव्हा मी त्यांना बसवून एनएफएल या प्रथिनाबद्दल सांगितले. चेतापेशींच्या लांब तंतूंचा हा सांगाडा. तंतू दुखावले की तो सावकाश रक्तात येतो आणि आठवडेच्या आठवडे तिथे राहतो, आणि मुष्टियोद्ध्यांमध्ये लढतींनंतर तो वाढलेला सापडला आहे. वरून मुलगा ठणठणीत दिसत असतानाही आत दुरुस्ती चालू असते, हे त्या मुलांना या एका प्रथिनाने पटले. त्यांनी त्याला पाच आठवडे गोलरक्षकाच्या मागे बसून चेंडू आणून देण्याचे काम दिले, आणि त्याने ते केले.

परवा सकाळी सहाला गडहिंग्लज रस्त्यावरच्या एका दवाखान्यातून आलेला नमुना मुलगा मशीनवर लावत होता. चिठ्ठीवर ट्रोपोनिन लिहिले होते, वय अठ्ठेचाळीस, स्त्री. वेळेचे दोन्ही रकाने कोरे होते. आकडा 7 आला, म्हणजे रेषेच्या पुष्कळ खाली. मुलाने रिपोर्ट छापण्याआधी फोन उचलला. पलीकडून नर्सबाईंनी सांगितले की दुखणे पहाटे चारला सुरू झाले आणि रक्त पावणेपाचला घेतले. त्याने दोन्ही वेळा नोंदवहीत लिहिल्या, पेशंटला घरी सोडू नका असे डॉक्टरांना सांगायला सांगितले, आणि लगेच दुसरा नमुना घेऊन पाठवायला सांगितले.